पोचा, पावती आणि पंचनामा

रस्त्यावरील अपघातांची चर्चा आपल्याकडे मृत आणि जखमी यांच्या आकड्यांपासून सुरू होते व बहुधा तेथेच संपते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. या नोंदींत पाठीमागून बसलेल्या धडकेचा वाटा सुमारे एक-पंचमांश, म्हणजे धडकेच्या इतर कोणत्याही प्रकाराहून अधिक होता. हे आकडे भयंकर आहेत आणि त्यांवर लिहावे तेवढे थोडेच आहे. पण या नोंदवहीच्या बाहेर पाठीमागच्या धडकेचेच आणखी एक विस्तीर्ण जग पसरलेले आहे. सिग्नलचा दिवा पिवळा होतो, पुढची मोटार थांबते, मागची अर्ध्या क्षणाने उशिरा थांबते आणि बंपर बंपरला भिडतो. कोणाला खरचटतही नाही. एका गाडीच्या डिकीला पोचा येतो, दुसरीच्या दिव्याची काच फुटते. असा प्रसंग कोणत्याही सरकारी अहवालात येत नाही. तरीही मुंबईपासून लातूरपर्यंत कोणत्याही चौकात तो रोज घडतो.

या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रसंगाकडे गंभीरपणे पाहण्याचे कारण असे की, सरळमार्गी नागरिकाची कायद्याशी पहिली समोरासमोर गाठ पुष्कळदा येथेच पडते. शाळेत शिकवणारा, कचेरीत काम करणारा किंवा महाविद्यालयात जाणारा माणूस आयुष्यात चोरीच्या वा मारामारीच्या आरोपाखाली पोलीस चौकीची पायरी चढण्याचा संभव फार थोडा. पण पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी त्याच्या स्कूटरचे चाक पुढच्या मोटारीला लागणे सहज संभवनीय आहे. अशा वेळी राज्यसंस्था त्याच्याशी कशी वागते, त्याच्या लहान चुकीला लहान शिक्षा देण्याइतकी तारतम्याची जाण तिच्यापाशी आहे की नाही, यावरून त्या राज्यसंस्थेची परीक्षा होते. खुनाच्या खटल्यात न्याय होतो की नाही हे पाहणे महत्त्वाचे आहेच. पण पोचा आलेल्या डिकीच्या प्रकरणात न्याय होतो की नाही, याचा अनुभव कितीतरी अधिक लोकांना येत असतो.

अंतराचा नियम

कायद्यात याविषयी काही तरतूदच नाही अशी समजूत असेल तर ती चुकीची आहे. मोटार वाहन कायदा १९८८ साली झाला व १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच सुमारास रस्त्यावर वागण्याची एक केंद्रीय नियमावली करण्यात आली. तिच्या तेविसाव्या नियमाने मागून येणाऱ्या चालकावर असे बंधन घातले की, पुढचे वाहन एकाएकी मंदावले किंवा थांबले तरी टक्कर टळेल एवढे पुरेसे अंतर त्याने राखले पाहिजे. लगेच पुढच्या, चोविसाव्या नियमाने पुढच्या चालकालाही बजावले की, सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्याशिवाय ब्रेक अचानक दाबू नये. या दोन नियमांची जोडी विचारपूर्वक केलेली आहे. एक नियम मागच्याला सावध करतो, दुसरा पुढच्याला. २०१७ साली या नियमावलीची जागा नव्या नियमावलीने घेतली, तरी अंतर राखण्याचे बंधन कायम राहिले.

'पुरेसे अंतर' म्हणजे किती, हे मात्र जुन्या नियमावलीने सांगितले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मधील एका निकालात त्याचे मोजमाप सुचवले. त्या प्रकरणात पुढे ट्रक होता, मागे मोटार होती आणि दोहोंमध्ये जेमतेम दहा-पंधरा फुटांचे अंतर होते. पुढच्या ट्रकचालकाला दोष देण्याचे न्यायालयाने नाकारले आणि परिस्थिती अनुकूल असताना निदान दोन ते तीन सेकंदांचे अंतर राखावे, असा ढोबळ दंडक सांगितला. अंतर फुटांत किंवा मीटरांत न सांगता सेकंदांत सांगण्यात एक शहाणपण आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक पुढे सरकते. म्हणजे दोन सेकंदांचे अंतर सुमारे ३३ मीटर, साधारणतः तीन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या राहाव्यात इतके होते. ताशी ४० ला तेच अंतर २२ मीटर होते. आणि गर्दीत ताशी १० किलोमीटर वेगाने रांगत असताना ते साडेपाच मीटरांवर, म्हणजे एका मोटारीच्या लांबीहून थोड्या अधिकावर येते.

हा हिशेब मांडला की एक नेहमीचा आक्षेप निघतो. आपल्या रस्त्यांवर एवढे अंतर सोडले तर मध्ये दोन रिक्षा आणि चार दुचाक्या घुसतात, मग नियम पाळायचा कसा? आक्षेप खोटा नाही. लक्ष्मी रस्त्यावर किंवा दादरच्या पुलाखाली कोणी ३३ मीटर मोकळे ठेवू म्हणेल तर त्याचे हसे होईल. पण तेथे त्या वेगाने कोणी जातही नाही. गर्दीच्या वेगाला लागणारे अंतर मुळात थोडे असते, आणि ते राखणे अशक्य नसते. ते राखले जात नाही याचे कारण निराळे आहे. मोकळी जागा दिसली की ती आपली, आपण घेतली नाही तर दुसरा घेईल, ही वृत्ती रेल्वेच्या डब्यापासून रेशनच्या रांगेपर्यंत आपल्या अंगवळणी पडली आहे. सुरक्षिततेसाठी सोडलेली जागा आपल्या डोळ्यांना वाया गेलेली जागा वाटते. वाहन हे त्या वृत्तीला मिळालेले केवळ एक जड आणि वेगवान साधन होय.

रस्त्यावरचे न्यायालय

टक्कर झाल्यावर पुढे काय होते, हे प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेले आहे. दोन्ही चालक खाली उतरतात, निदान एकाचा आवाज चढलेला असतो. मागे वाहनांची रांग लागते, भोंगे वाजू लागतात. पाच मिनिटांत भोवती एक कडे तयार होते आणि त्या कड्यातून न्यायाधीश, वकील व साक्षीदार आपोआप निर्माण होतात. धडक ज्याने पाहिली नाही तो सर्वांत ठामपणे बोलतो. मग आकडा सांगितला जातो. 'पाच हजार दे, नाहीतर चौकीवर चल,' या वाक्यात आपली सारी दिवाणी आणि फौजदारी न्यायव्यवस्था सामावलेली असते. घासाघीस होते, रक्कम निम्म्यावर येते, फोनवरून पैसे पाठवले जातात आणि कडे विरते. मुंबईत या व्यवहाराला 'मांडवली' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे.

या न्यायालयाचा निकाल कशावर ठरतो? चुकीवर नव्हे. तो ठरतो आवाजावर, संख्येवर, गाडीच्या आकारावर, चालकाच्या पेहरावावर आणि कोणाच्या ओळखीचा माणूस जवळ राहतो यावर. मोटार आणि दुचाकी यांची टक्कर झाली तर चूक मोटारीची, हा येथला एक अलिखित नियम. तर दुचाकीवरचा पोरगा जेवणाचे डबे पोचवणारा असेल आणि मोटार महागडी असेल तर चूक त्याची, हा दुसरा. स्त्री चालवत असेल तर चूक तिची, हा तिसरा. शिवाय नुकसानीचा आकडा चुकीच्या प्रमाणात नसतोच. एकाच बेसावधपणाने एका माणसाने एसटीच्या मागच्या लोखंडी पट्टीला धडक दिली तर त्याचे काही जात नाही, आणि दुसऱ्याने परदेशी बनावटीच्या मोटारीला दिली तर त्याचा कित्येक महिन्यांचा पगार जातो. दोघांनी मोडलेला नियम मात्र एकच असतो.

या गर्दीची दखल आपल्या संसदेनेही घेतलेली आहे. मोटार वाहन कायद्याच्या १३४ व्या कलमाने अपघातानंतर चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यावी असे बंधन घातले आहे. पण त्यातच, जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी, असा अपवादही लिहून ठेवला आहे. एखाद्या देशाचा कायदा जमावाचा क्षोभ ही एक नित्याची परिस्थिती म्हणून गृहीत धरतो, यासारखी खेदजनक कबुली दुसरी नसेल. कायदा करणाऱ्यांना वस्तुस्थिती ठाऊक होती. तिच्यावर उपाय करण्याऐवजी त्यांनी तिला जागा करून दिली.

एक टोक आणि दुसरे टोक

मग माणूस चौकीवर का जात नाही? याचे उत्तर चौकीवर काय वाढून ठेवले आहे, त्यात आहे. पोलिसांनी प्रकरण रीतसर नोंदवायचे ठरवले तर हाताशी असलेले परिचित कलम म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वा हयगयीने वाहन चालवणे. भारतीय दंड संहितेत त्याचा क्रमांक २७९ होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो २८१ आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम किरकोळ आहे, परंतु गुन्हा फौजदारी आहे आणि दोन्ही पक्षांनी आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत तो नाही. म्हणजे डिकीचा पोचा काढून झाला, पैसे दिले गेले, दोन्ही चालकांनी हस्तांदोलन केले, तरी खटला आपल्या गतीने चालूच राहतो. तो रद्द करून घ्यायचा तर उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा आश्रय घ्यावा लागतो. बंपरच्या भांडणासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढणे कोणाला परवडणार?

तरुणांच्या दृष्टीने ही गोष्ट अधिक जाचक आहे. सरकारी नोकरीच्या वेळी भरून द्यावयाच्या साक्षांकन नमुन्यात आपल्यावर कधी गुन्हा नोंदला गेला होता काय, खटला प्रलंबित आहे काय, असे प्रश्न असतात. खरे सांगावे तर निवड लांबणीवर पडेल ही भीती, लपवावे तर नोकरीच जाण्याची भीती. अशा प्रकरणांत क्षुल्लक गुन्ह्याकडे नेमणूक करणाऱ्याने तारतम्याने पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितले आहे. पण तारतम्य हे नेमणूक करणाऱ्याच्या मर्जीवर राहते आणि उमेदवाराच्या वाट्याला अनिश्चितता येते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी भर चौकात, चूक असो वा नसो, खिशातले पैसे काढून का देतो, हे यावरून समजावे.

दिवाणी बाजूही अशीच आहे. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी विमा उतरवणे कायद्याच्या १४६ व्या कलमाने सक्तीचे आहे आणि त्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसानही येते. दर वर्षी हप्ता भरणाऱ्या चालकाने धडक दिली तर भरपाई विमा कंपनीने द्यावी, हाच त्या सक्तीचा हेतू. पण ती भरपाई मागण्याचा कायद्याने आखलेला मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. अपघातात कमावता मुलगा गमावलेली माता ज्या न्यायाधिकरणाच्या दारात वर्षानुवर्षे बसलेली आहे, त्याच दारात आठ हजारांच्या बंपरसाठी जाऊन बसायचे. साहजिकच कोणी जात नाही. स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती करावी तर दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी, वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत वाढत जाणारी सवलत जाते. सगळा हिशेब करून माणूस एकाच निष्कर्षाला येतो : रस्त्यावरच मिटवलेले बरे. सक्तीचा विमा असूनही रोख पैसे मोजावे लागतात, आणि न्यायालये असूनही न्याय गर्दीकडे मागावा लागतो, ही या साऱ्या रचनेची फलश्रुती होय.

पावती कशाची?

या दोन टोकांच्या मध्ये वाहतूक पोलिसांची पावती येते. वस्तुतः येथेच मार्ग सापडायला हवा. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्यातील वाढीव दंड १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले. महाराष्ट्रात तडजोडीच्या दंडाचे वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये आले. वाढीव दंडावर त्या वेळी बरीच ओरड झाली, परंतु त्या गदारोळात एका उपयुक्त कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नव्याने घातलेल्या १७७ अ या कलमान्वये रस्त्यावर वागण्याच्या नियमावलीचा भंग केल्यास पाचशे ते एक हजार रुपये दंड होतो. अंतर न राखणे हा नेमका असा भंग आहे. इजा न झालेल्या लहान टकरीला लावण्यासाठी याहून प्रमाणबद्ध कलम शोधून सापडणार नाही.

याच्याच शेजारी १८४ वे, धोकादायक रीतीने वाहन चालवण्याचे कलम आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पण धोकादायक कशाला म्हणायचे हे दुरुस्तीने विशद केले आहे. लाल दिवा ओलांडणे, उलट दिशेने जाणे, हातात फोन धरून चालवणे ही तर त्यात आहेतच. त्यापलीकडे, सक्षम व काळजीपूर्वक चालवणाऱ्याकडून जी अपेक्षा असते तिच्या फारच खाली गेलेले वर्तनही त्यात येते. 'फारच खाली' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सिग्नलच्या रांगेत ब्रेक अर्धा क्षण उशिरा लागणे ही चूक आहे, पण ती या व्याख्येत बसवणे म्हणजे कायद्याची ओढाताण करणे होय. फोनवर बोलत, भरधाव येऊन धडक दिली तर गोष्ट वेगळी.

प्रत्यक्षात काय होते? अशा टकरीच्या ठिकाणी हवालदार आला तर त्याचे पहिले वाक्य बहुधा 'लायसन्स दाखवा' हे असते. परवाना, विमा, प्रदूषणाचे प्रमाणपत्र, हेल्मेट, पट्टा यांपैकी जे नसेल त्याची पावती फाडली जाते. हल्ली ती कागदी राहिलेली नाही. हातातल्या यंत्रावरून ई-चलान निघते, पण बोलताना आपण अजून 'पावती फाडली' असेच म्हणतो. ज्याची कागदपत्रे पूर्ण तो सुटतो, मग चूक त्याची का असेना. ज्याच्याकडे एखादा कागद नाही तो दंड भरतो, मग धडक त्याने खाल्लेली का असेना. कागद तपासणे गैर नाही. परंतु टक्कर ज्या कारणाने झाली त्या कारणाचा उल्लेखही नसलेली पावती ही न्यायाची पावती नव्हे, ती केवळ वसुलीची पावती असते. तिने कोणी शिकत नाही. अंतर न राखल्याने आपल्याला दंड झाला, असे ज्याला एकदाही कोणी लेखी सांगितलेले नाही, त्याने उद्यापासून अंतर का राखावे?

चौकाचौकांतील कॅमेऱ्यांनी हा प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. कॅमेऱ्यांनी सिग्नल मोडणाऱ्यांवर व वेगाची मर्यादा ओलांडणाऱ्यांवर वचक बसवला, हे मान्य केले पाहिजे. पण यंत्राला वाहनाचा क्रमांक दिसतो, चालक दिसतोच असे नाही. चलान मालकाच्या नावे निघते. त्यातून थकलेल्या चलानांचे डोंगर उभे राहिले आहेत आणि लोकअदालतीत ते उपसावे लागत आहेत. यंत्राचे काम मोजण्याचे आहे. दोन माणसांपैकी चूक कोणाची, किती, आणि का, हे ठरवण्याचे काम माणसाचेच राहणार.

दोष नेहमी मागच्याचाच?

येथे एका सोप्या समजुतीचाही विचार केला पाहिजे. मागून ठोकले म्हणजे मागचा दोषी, असे सर्वत्र मानले जाते आणि सामान्यतः ते खरेही असते. मागच्याला पुढचे दिसते, पुढच्याला मागचे दिसतेच असे नाही. म्हणून अंतर राखण्याचे ओझे मागच्यावर टाकलेले आहे. पण सामान्य नियमाला अपवाद असतात आणि ते तपासण्यासाठीच न्याय नावाची गोष्ट असते.

सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ मधील एक निकाल या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २०१७ साली कोइमतूर येथे महामार्गावर पुढची मोटार एकाएकी थांबली, मोटारसायकलवरून येणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि मागून आलेल्या बसखाली सापडून त्याला पाय गमवावा लागला. पत्नीला अस्वस्थ वाटू लागल्याने आपण थांबलो, असे मोटारचालकाचे म्हणणे होते. महामार्गावर थांबायचे तर मागच्यांना इशारा देण्याची जबाबदारी थांबणाऱ्याची आहे, असे म्हणून न्यायालयाने त्याच्यावर ५० टक्के, बसचालकावर ३० टक्के आणि अंतर न राखल्याबद्दल व वैध परवाना नसल्याबद्दल स्वतः त्या विद्यार्थ्यावर २० टक्के जबाबदारी ठेवली. ज्याचा पाय गेला त्याच्याही पदरात चुकीचा त्याचा वाटा टाकण्यात न्यायालय कचरले नाही, आणि जो पुढे होता त्याला केवळ पुढे होता म्हणून सोडले नाही.

२०१८ आणि २०२५ चे हे दोन निकाल एकत्र वाचले की कायद्याची भूमिका स्पष्ट होते. प्रथमदर्शनी उत्तर देण्याची जबाबदारी मागच्याची. परंतु त्याचे उत्तर ऐकून घेतले पाहिजे. पुढच्याचा मागचा दिवा लागतच नव्हता काय, तो उलट मागे येत होता काय, प्रवासी दिसला म्हणून रिक्षा मध्येच थांबली काय, महामार्गाच्या कडेला अंधारात दिव्याविना ट्रक उभा होता काय, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. चौकातले कडे हे प्रश्न विचारीत नाही आणि पावती फाडणाऱ्यालाही ते विचारण्याची सवड नसते.

इतरांचा अनुभव

आपल्याला सापडलेला हा पेच इतर देशांनाही पडलेला होता. अमेरिकेतील अनेक राज्यांच्या कायद्यांत, पुढच्या वाहनाच्या वाजवीपेक्षा जवळून जाणे हा स्वतंत्र, लहान स्वरूपाचा अपराध आहे आणि पाठीमागून धडक दिल्यावर पोलीस बहुधा त्याचेच तिकीट देतात. ते भरायचे की त्याविरुद्ध न्यायालयात उभे राहायचे, याचा निर्णय चालकाने करायचा. ब्रिटनमध्ये बेफिकीरपणे वाहन चालवण्याच्या प्रत्येक प्रकरणासाठी पूर्वी न्यायालयाची पायरी चढावी लागे. परिणामी किरकोळ प्रकरणे तशीच सुटत. ऑगस्ट २०१३ पासून पोलिसांना अशा लहान प्रकरणांत, पुढच्या वाहनाला चिकटून चालवण्याच्या प्रकरणांसुद्धा, जागच्या जागी शंभर पौंडांचा ठरावीक दंड व परवान्यावर तीन गुण देण्याचा अधिकार मिळाला. दंडाऐवजी काही जणांना प्रशिक्षणाच्या वर्गाला बसण्याची मुभा ठेवली गेली, मान्य नसेल त्याला न्यायालय मोकळे राहिले आणि गंभीर प्रकरणे न्यायालयाकडेच राहिली.

फ्रान्समधील रीत तर अधिकच बोधप्रद आहे. तेथे मोटारीत एक छापील नमुना ठेवलेला असतो. टक्कर झाली की दोन्ही चालक तो मिळून भरतात : वाहने कोणत्या दिशेने होती, कोण थांबले होते, धक्का कोठे बसला याचा छोटा नकाशा काढतात आणि दोघेही सही करतात. कोणाची चूक हे त्यांनी ठरवायचे नसते, काय घडले तेवढेच लिहायचे असते. उरलेले काम विमा कंपन्यांचे. पोलीस नाही, जमाव नाही. नकाशा काढता काढता दोघांचाही राग निवळत असेल, हा आणखी एक लाभ.

काय करता येईल

यांपैकी कोणतीही गोष्ट आपल्याला अशक्य नाही. काहींसाठी तर नव्या कायद्याचीही गरज नाही. इजा न झालेली, मद्यपान किंवा भरधाव वेग नसलेली पाठीमागची टक्कर ही सामान्यतः १७७ अ कलमाखालची बाब समजावी, फौजदारी गुन्ह्याची नव्हे, अशी स्पष्ट सूचना पोलिसांना देता येईल. अशा चलानावर नियम कोणता मोडला हे एका ओळीत मराठीत लिहावे आणि घटनास्थळाचे छायाचित्र त्याला जोडावे. फ्रान्ससारखा दुहेरी निवेदनाचा नमुना विमा कंपन्यांनी विम्याच्या कागदासोबतच प्रत्येकाला द्यावा. ठरावीक रकमेपर्यंतच्या नुकसानीसाठी न्यायाधिकरणाची अट शिथिल करून त्या नमुन्यावरच तिसऱ्या पक्षाची भरपाई द्यावी. यासाठी मात्र केंद्राला कायद्यात हात घालावा लागेल. आणि जेथे दोघांचे एकमत होणार नाही तेथे १९८७ च्या विधी सेवा कायद्याखालील लोकअदालत आहेच. थकलेली चलाने उपसण्यापेक्षा हे काम तिच्या नावाला अधिक शोभेल.

यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळता येणार नाही. जागच्या जागी दोष ठरवण्याचा अधिकार हवालदाराला दिला की तो अधिकार विकाऊ होईल, असे लोक म्हणतील. आपला अनुभव पाहता या भीतीला दोष देता येत नाही. पण आज तो अधिकार कोणाच्याच हाती नाही असे थोडेच आहे? तो आवाज चढवणाऱ्याच्या, दांडग्याच्या आणि गर्दीच्या हाती आहे, व तो रोज विकला जातो. फरक एवढाच की त्याची नोंद राहत नाही. लेखी कारण, छायाचित्र आणि दाद मागण्याचा सोपा मार्ग या तीन गोष्टी असतील तर हवालदाराचा निर्णय निदान तपासता येतो. चौकातल्या कड्याचा निर्णय कोण तपासणार? पाचशे रुपये ही डबे पोचवणाऱ्या तरुणाची जवळजवळ दिवसाची कमाई असू शकते, हेही खरे. परंतु आज त्याच चौकात त्याच्याकडून पाच हजार मागितले जातात आणि वर दोन थपडा मिळतात, हे त्याहून खरे आहे. नियमाने ठरलेला लहान दंड हे दुर्बलाचे संरक्षण असते. अमर्याद मांडवली बलवानाच्या सोयीची असते.

शेवटी हा प्रश्न बंपरपुरता राहत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड मालवाहू वाहनाने पुढच्या वाहनांना ठोकरले आणि एका फटक्यात चाळीसहून अधिक वाहनांचा चुराडा झाला. त्या अपघाताची कारणे वेगळी असतील, परंतु जड वाहन, उतार आणि पुढे थांबण्यापुरतीही जागा नसणे यांचा मेळ बसला की काय होते, ते तेथे दिसले. सिग्नलवरचा पोचा ही त्या संकटाची स्वस्तात मिळालेली पूर्वसूचना असते. ती सूचना लिहून देणे, तिची बेताची किंमत वसूल करणे आणि माणसाला सन्मानाने घरी जाऊ देणे, एवढे जरी राज्यसंस्थेला जमले तरी रस्त्यावरची पुष्कळशी मारामारी थांबेल. दोन वाहनांमध्ये चार हात मोकळी जागा ठेवायला माणसे शिकतात, ती असा नियम सर्वांना सारखा लागतो हे डोळ्यांनी पाहिल्यावर. तसे पाहायला मिळण्याची व्यवस्था करणे हे सरकारचे काम आहे, आणि ते आजवर झालेले नाही.